सुरेशची जिरवायची म्हणून आणलेला कॉम्प्युटर

१२ जानेवारी, सोमवार

काल तालमीची बैठक. हनुमान जयंतीला स्मरणिका काढायचं ठरलं. जुन्या पैलवानांनी, त्यांच्या घरच्यांनी हातानं लिहून दिलेल्या आठवणी. कागद दीडशेच्या वर. बापू वस्तादांनी विचारलं, टाइप कोण करणार? मी हात वर केला. एवढ्या पुरुषांत मी एकटी बाई, आणि हात वर.

सुरेश उठून उभा राहिला. "बाई, तुमची टाइपरायटरची खटखट आता म्युझियमला द्या. हे कॉम्प्युटरचं काम हाय. तुमास्नी माऊस तरी धराय येतोय काय?"

सगळे हसले. वस्ताद मिशीत हसले. मी पण हसले, हे सगळ्यांत वाईट.

हा सुरेश माझा विद्यार्थी. गारगोटीकडनं आला तेव्हा कोंबडी दाणे टिपते तसा एका बोटानं टाइप करायचा. त्याच्या करंगळ्या मी वळणावर आणल्या. पुढं टायपिंगची परीक्षा कॉम्प्युटरवर गेली, माझी संस्था बंद पडली, मशिनी एकेक करून भंगारात गेल्या. यानं माझ्या दारासमोरच कॉम्प्युटर सेंटर काढलं. पाटीवर स्थापनेचं साल घातलंय ते माझ्या संस्थेचं. विचारलं तर म्हणतो, "परंपरा एकच की, बाई."

तेव्हा गप्प बसले. काल पण बसले. आता नाही. ह्याची जिरवायची. कशी ते अजून माहीत नाही.

इथून पुढं त्याचं नावसुद्धा पूर्ण लिहायचं नाही. सु. पुरे. शाई फुकट नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. सु. सपत्नीक हजर. "गोड बोला, बाई." तिळगूळ हातात घेतला, तोंडात टाकला नाही. गोड बोलीन असं मी कुठंही म्हटलेलं नाही. त्याची बायको बिचारी गुणाची आहे, तिला वाण दिलं. तिच्यावर राग नाही.

ते गेल्यावर तिळगूळ कावळ्याला टाकला. कावळ्यानं पण दोनदा बघून मग उचलला.

१८ जानेवारी, रवि.

गडहिंग्लजहून ताईचा फोन. बोलता बोलता म्हणाली, त्यांच्या दूध संस्थेत नवा कॉम्प्युटर आला, जुना माळ्यावर टाकलाय. भावजी संचालक आहेत.

"चालतोय का तो?"

"चालतोय म्हणं. पर लई म्हातारा झालाय."

"मी पण झालेय. दे मला."

ताई म्हणाली, तुला काय करायचाय. सांगितलं नाही. ताईच्या तोंडात तीळ भिजत नाही.

२१ जानेवारी

आणला. यष्टीनं. एक डबा, एक मागं कुबड असलेला जुना पडदा, कीबोर्ड, माऊस, सगळं भावजींच्या चादरीत बांधून. कंडक्टर बघतच राहिला. "मावशी, ह्याचं बी तिकीट लागतंय की." काढलं. शेजारी बसलेली म्हातारी विचारते, "पावणं, लगीन हाय काय घरात? टीव्ही घेतलासा?" व्हय म्हटलं.

रिक्षातून उतरवताना सु. दुकानाच्या दारात उभा. चादर नीट झाकली. त्यानं बघितलं, पण काय ते कळलं नसणार. कळेल.

२५ जानेवारी, रवि.

वैशू आली. माझी भाची, पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये असते, तिथली जुनी मशिनी हीच चालती ठेवते. बोलायला फटकळ, हाताला गुण.

डबा उघडून आत तोंड घातलं. दुधाच्या पावडरीसारखी धूळ. झाडली. सुरू केला तर आत जुनं विंडोज. मी कुकर लावला होता, तीन शिट्ट्या झाल्या तरी पडद्यावर नुसतं गोल गोल फिरतंय. चौथ्या शिट्टीला उघडलं.

वैशू म्हणाली, मावशी, ह्याची मेमरी दोन जीबी. आताचं विंडोज ह्यात बसायचं न्हाय, आणि हे जुनं ठेवण्यात अर्थ न्हाय. लिनक्समधली एखादी हलकी सिस्टीम टाकूया.

"हलकी म्हणजे? सुरेशची भारी आणि माझी हलकी?"

"अगं, वजनाला हलकी. कमी खाणारी. फुकट असती. दोन-तीन पेनड्राइव्हवर घालून आणतो, चालवून बघ, पटल ती ठेवू."

म्हणजे साडीसारखं, घेण्याआधी अंगावर टाकून बघायचं. हे आवडलं.

जायच्या आधी तिनं निळ्या पेनड्राइव्हवर दूध संस्थेच्या जुन्या याद्या काढून घेतल्या, भावजींना हव्या होत्या. मग तोंड वाकडं केलं. "ह्या मशीनमध्ये लई व्हायरस हाय. ह्या निळीवर बी आला. नव्या सिस्टीमला ह्याचं काय न्हाय, तुझ्या घरात चालल. पर दुसऱ्या कुणाच्या विंडोजला ही लावू नको. साफ करतो मी सवडीनं." ओळखायला तिला काळा दोरा बांधला. लाल पेनड्राइव्ह कोरी दिली.

१ फेब्रु., रवि.

पहिली सिस्टीम. नाव इंग्रजी, अर्थ पुदिना. दिसायला फार देखणी. हिरवीगार, खिडक्या कशा अलगद उघडतात. वैशू म्हणाली, नवशिक्याला हीच सगळे सांगतात, विंडोजसारखी वाटते.

पण मी विंडोज तरी कुठं शिकलेय? मला सगळं सारखंच परकं. माऊस हलवला की बाण थोड्या वेळानं निघतो, विचार करून. डब्यातला पंखा पिठाच्या गिरणीसारखा. पुदिना चांगला आहे, पण माझ्या डब्याला पचत नाही.

माऊस मात्र धरता येतो आता. सु., ऐक. येतो.

४ फेब्रु.

पुदिना काढायला सांगितला. एक खिडकी उघडेपर्यंत निम्मी भाजी निवडून झाली.

सु.च्या दुकानात स्मरणिकेचं काम सुरू झालंय. वस्तादांच्या सुनेनं सांगितलं, चाळीस पानं झाली. मनीषा टाइप करते. मनीषा माझ्या शेवटच्या बॅचची, लग्न होऊन इथं आली तेव्हा शिकली, आता चाळिशीची असेल. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्यावर. तिचा हात चांगला आहे. म्हणजे सु. नुसता खुर्चीत बसून माझ्याच विद्यार्थिनीकडून टाइप करून घेतो आणि नाव त्याचं.

८ फेब्रु., रवि.

दुसरी. अर्थ कुत्र्याचं पिल्लू. इतकी लहान की सगळी मेमरीतच बसते, हार्ड डिस्कला हात लावत नाही. आणि काय पळते! बटण दाबलं की हजर. पडदा जरा बोजड, चित्रं जुन्या कॅलेंडरसारखी. चालेल. मला लग्नाला न्यायची नाही.

मराठी कीबोर्ड वैशूनं जोडून दिला. सरकारी मांडणीचा. क तिथं नाही जिथं क असतो. माझी पस्तीस वर्षांची बोटं जातात एकीकडं, अक्षर उमटतं दुसरंच. शेवटी एका बोटानं टाइप केलं. एका बोटानं! याच गुन्ह्याबद्दल मी मुलांच्या हातावर पट्टी मारलेली आहे. दार लावून घेतलं होतं, कुणी बघितलं नाही.

१२ फेब्रु.

चार दिवस. एक बोट. जुन्या अर्जाचा नमुना समोर ठेवून साडेतीन पानं टाइप केली. नुसता सराव. पण माझी पहिली पानं.

संध्याकाळी चार दिवसांत पहिल्यांदाच मशीन बंद केलं, तेव्हा त्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. सेव्ह करायचं का, असं. मी नो दाबलं. कारण टाइप केलं होतं ना. टाइप केलं म्हणजे उमटलं. टाइपरायटरनं मला कधी विचारलं नाही, बाई, हे ठेवायचं की पुसायचं?

आत्ता परत सुरू केलं. कोरं. पिल्लू जसं पहिल्या दिवशी आलं होतं तसं, माझी ओळखच नाही.

वैशूला फोन. ती म्हणाली, "मावशी, सेव्ह केल्याशिवाय ते काय ठेवत न्हाय, मी सांगितलतं की." सांगितलं असेल. रडले. साडेतीन पानांसाठी नाही. सु. बरोबर बोलला होता असं एक क्षण वाटलं, त्याच्यासाठी.

मग तोंड धुतलं. राग जागेवर आहे. बरं वाटलं.

१५ फेब्रु., रवि.

महाशिवरात्र. उपास. वैशू रताळी घेऊन आली आणि तिसरी सिस्टीम. हिच्या चिन्हात चिमुकला पक्षी आहे. पुदिन्याइतकी नटवी नाही, पिल्लाइतकी विसरभोळी नाही. ही हार्ड डिस्कवर पक्की बसते. जुनं विंडोज पुसलं. सुरू व्हायला एका शिट्टीचा वेळ. पंखा गप्प.

वैशू कीबोर्डांची यादी खाली सरकवत होती. मराठीखाली चार-पाच नावं. मी म्हटलं, थांब. वाच ते.

"टाइपरायटर."

"म्हणजे?"

"म्हणजे... तुझाच असंल की गं."

बोटं ठेवली. डोळे मिटले. 'सविनय अर्ज सादर करण्यात येतो की'. डोळे उघडले. पडद्यावर तेच! एक-दोन कळा इकडंतिकडं, बाकी माझी सगळी अक्षरं आपापल्या घरी. वैशू ओरडली, मावशी, जरा दमानं, कीबोर्ड फुटंल. मी कशाची थांबतेय! एक पान, न चुकता. मुलांना शिकवताना हातांवर ठेवायचे तो पुठ्ठ्याचा खोका काढला, कीबोर्ड झाकला, परत एक पान.

वैशू म्हणाली, ठरलं मग, पक्षी. ठरलं.

उपासाच्या दिवशी असं वाटू नये, पण वाटलं: सु., आता तू मेलास.

१८ फेब्रु.

वस्तादांकडं गेले. सांगितलं, कॉम्प्युटर आहे, येतो, मला काम द्या. वस्ताद म्हणाले, "बाई, काम सुरेशला दिलंय. आता काढून घ्यायचं म्हंजी बरं दिसत न्हाय." पण मग एक गठ्ठा पुढं सरकवला. वीस-बावीस कागद, एका जुन्या मल्लाचं अक्षर. सु.कडं कुणालाच लागेना म्हणून परत आलेले. "हे तेवढं बघा. आमच्या तालमीचा सगळ्यात चांगला गडी व्हता."

अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग विस्कटलेली. पण मी जन्मभर कोर्टकचेरीचे अर्ज उतरवलेत. मला डॉक्टरांचंसुद्धा लागतं.

२६ फेब्रु.

संपलं. आठ दिवस. पैलवान काय लिहितो! पहिली कुस्ती हरला तेव्हा वडिलांनी तीन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. मग चौथ्या दिवशी स्वतः अंगाला तेल लावून दिलं, तेव्हा हा रडला, असं लिहिलंय. दोनदा थांबून डोळे पुसले.

सेव्ह केलं. तीनदा.

वस्ताद म्हणाले, छान झालं. पण सगळं एका फाइलीत पाहिजे, तेव्हा तुमची पानं सुरेशकडं नेऊन द्या, त्यो जोडून घेईल. म्हणजे माझी पानं त्याच्या पोटात. छपाईला जाणार ती त्याच्या नावानं.

घरी येऊन भांडी घासली. दोन वाट्यांना पोचे आले.

२ मार्च, सोम.

सकाळी लाल पेनड्राइव्ह शोधली, सापडेना. (नंतर कणकेच्या डब्यामागं मिळाली.) निळी होती. तिच्यावर पानं घातली. काळा दोरा सोडला. सु.च्या दुकानात दोरा बांधलेली वस्तू घेऊन गेले तर बाईंनी करणी केली म्हणायचा.

सु. दुकानात नव्हता. मनीषा होती. उठून उभी राहिली, पाया पडली. "बाई, तुमी कॉम्प्युटर शिकलासा म्हणं! मला लई आनंद झाला." पेनड्राइव्ह तिच्या हातात दिली. तिनं लगेच लावली. मी बघत होते. वैशू काय म्हणाली होती ते

असो. पेनड्राइव्ह घेऊन परत आले.

३ मार्च

होळी. पेठेत पोरांचा दंगा. पुरणपोळी केली, एकटीसाठी दोन. झोप नीट लागली.

५ मार्च

सु.चं दुकान बंद. म्हणजे उघडं, पण शटर अर्धं. वस्तादांची सून धावत आली. "बाई, ऐकलं काय? सुरेशभाऊंच्या चारी मशिनी गेल्या. वायरीनं एकमेकींना जोडल्या हायत म्हणं, एकीत व्हायरस आला तो सगळीकडं गेला. फाइली दिसंनात म्हणून त्यांनी घाबरून सगळं फॉरमॅट मारलं. स्मरणिका गेली, समदी!"

मी म्हटलं, अरेरे.

ती गेल्यावर आरशासमोर उभं राहून परत म्हटलं, अरेरे. ह्या वेळी नीट जमलं. मग दुधात साखर घालून प्यायले. म्युझियम काय? आता कळलं म्युझियम.

६ मार्च

वैशूला आडून विचारलं. असा व्हायरस आला तर फाइली जातात का? ती म्हणाली, न्हाय, नुसत्या लपतात, कुणी जाणत्यानं बघितलं तर परत मिळतात. फॉरमॅट मारला तर मात्र गेल्या.

म्हणजे फाइली त्यानं घालवल्या. स्वतःच्या हातानं. मी नाही. हे इथं लिहून ठेवते.

मग वैशूच म्हणाली, "का विचारतीयास?" सहज म्हटलं.

८ मार्च, रवि.

रंगपंचमी. सगळी पेठ हिरवी-गुलाबी. दारावर टकटक. सु. त्याच्या अंगावर रंगाचा ठिपका नाही. हातात हस्तलिखितांचा सगळा गठ्ठा.

बसला नाही. उभाच. "बाई, वस्तादांनी सांगितलंय. आता तुमीच करायचं. हनुमान जयंतीला पंचवीस दिवस ऱ्हायलेत. दुसऱ्या कुणाला जमणार न्हाय एवढ्यात." मग मान खाली घालून, "मी बैठकीत बोललो ते चुकलो. आणि पाटीवरचं साल बी काढतो."

जानेवारीपासून ह्याच वाक्याची वाट बघत होते. मनात किती वेळा बोलवून घेतलं होतं त्याच्याकडून. प्रत्येक वेळी मी काहीतरी तिखट उत्तर देत होते. आज म्हटलं, बस, सरबत घे. घेतलं त्यानं. उभ्यानंच, एका दमात. बघून बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

९ मार्च

पक्षी सुरू. सकाळी सहा पानं, दुपारी सात. सांध्यांना शेक. वस्ताद स्वतः दारात येऊन बघून गेले, मशीनसमोर मला. "बाई म्हंजी बाई हाय!" गल्लीला ऐकू जाईल असं.

१० मार्च

भाजीच्या गाडीवर कळलं. सु.नं मनीषाला कामावरून काढलं. न तपासता पेनड्राइव्ह लावली म्हणून. चार दिवस झाले.

आज तीनच पानं झाली.

१२ मार्च

मनीषाच्या घरी जाऊन आले. का गेले, माहीत नाही. केळी नेली नवऱ्यासाठी. तो आतल्या खोलीत, खाटेवर. तिनं चहा टाकला. मीच विषय काढला, सुरेशनं विचारलं असेल ना, पेनड्राइव्ह कुणाची?

"विचारलं की. दहा वेळा विचारलं."

"मग?"

"गिऱ्हाइकाची व्हती, ध्यानात न्हाय म्हटलं." चहा गाळत, माझ्याकडं न बघता. "तुमचं नाव घेतलं असतं तर त्यांनी पेठंत बोभाटा केला असता, बाई. म्हणले असते, म्हातारीला काय कळत न्हाय आणि चाललीया कॉम्प्युटर शिकाय. ते मला ऐकवलं नसतं."

तिला वाटतंय, माझ्याकडून चुकून झालं. अडाणीपणानं. ती माझी अब्रू झाकतेय.

परत येताना रिक्षा केली नाही. चालत आले, रंकाळ्याकडून, लांबच्या वाटेनं. पाय दुखले, दुखू देत.

१३ मार्च

लिहूनच टाकते. मला आठवत होतं. दोरा सोडताना आठवत होतं. लाल पेनड्राइव्ह मी शोधली नाही, शोधल्यासारखं केलं. कणकेच्या डब्यामागं मीच ठेवली होती.

सुरेशचं वाटोळं व्हावं असं वाटत होतं, आणि झालं, आणि अजूनही त्याबद्दल वाईट वाटत नाही. वाईट मनीषाचं वाटतंय. हे दोन वेगळे करता येतील का, कालपासून तेच बघतेय.

१५ मार्च, रवि.

आज सांगायचं म्हणून सुरेशच्या दुकानात गेले. वाक्य ठरवून. 'सुरेश, मनीषाची चूक नाही, पेनड्राइव्ह माझी होती.' एवढंच. आधी एवढी पायरी, मुद्दाम दिली ते मग.

मनीषाची खुर्ची रिकामी. सुरेशनं स्वतः फडक्यानं पुसून मला तीच दिली. चहा मागवला. "बोला, बाई."

"सुरेश, मनीषाला..."

"तिचं नाव काढू नका, बाई. सात वर्षं घरच्यासारखी ठेवली. कुणाची तरी घाण आणून माझ्या मशिनीत घातली आणि वर म्हणती, ध्यानात न्हाय. एवढं तरी खरं बोलायचं हुतं!"

तेवढ्यात वस्ताद आले, मागं तालमीचे चार जण. माझ्याकडं बोट दाखवून वस्ताद म्हणाले, "ह्या नसत्या तर तालमीची इज्जत गेली असती. स्मरणिकंत बाईंचा फोटो छापायचा, पहिल्या पानावर." सगळ्यांनी माना डोलावल्या. सुरेशनंसुद्धा.

मी चहा प्यायले. उठले. घरी आले.

सगळं मिळालं. म्हणजे सगळंच.

१६ मार्च

वैशूला सांगितलं, फोनवर. ती म्हणाली, "तुला ठावं हुतं, म्हणूनच त्या दिवशी विचारलीस." व्हय म्हटलं. म्हणाली, "आता तू सांगितलीस तर स्मरणिकंचं काम बी जाईल, फोटो बी जाईल. पेठंत तोंड दाखवायला जागा न्हाई ऱ्हायची. न्हाई सांगितलीस तर ती बाई बसली घरात." काय करू विचारलं. "मावशी, मला मशिनीचं विचार. ह्यातलं मला काय विचारू नको." फोन ठेवला. रागावली असेल.

शंभर पानं झालीत. पन्नास राहिलीत.

१७ मार्च, मंगळ.

सकाळी दहाला मनीषा दारात. केसांना तेल, इस्त्रीची साडी. "बाई, दुसरीकडं काम बघतीया. सगळीकडं विचारत्यात, आधीच्या ठिकाणचं का सोडलासा. काय सांगू? म्हणून म्हटलं, तवर तुमच्या मशीनवर हे तुमचं नवं शिकून घ्यावं. फुकटचं असतंय न्हवं? माझ्या घरातल्या जुन्या मशीनवर घातलं तर घरबसल्या टायपिंग घेता येईल. त्यांना बी सोडून जायला नको."

आत घेतलं. खुर्चीवर बसवलं. पक्षी उघडून दाखवला, कुठून सुरू करायचं, कुठं साठवायचं, मराठी कुठं. कळत होतं तिला, पटापट. मी बोलत होते आणि ती माझ्याकडं बघत होती, पडद्याकडं नाही.

"बाई, एक विचारू? रागवायचं न्हाय."

"विचार."

"त्या निळ्या पेनड्राइव्हला काळा दोरा हुता का? टोकाला दोऱ्याची गाठ अडकून ऱ्हायलेली, लावताना मला दिसली. काळा दोरा असाच कोण बांधत न्हाय. तुमास्नी ठावं हुतं काय, बाई?"

मी म्हटलं, "आधी बोटं ठेव जागेवर."

तिनं ठेवली. मी शिकवलेली, सगळी जागच्या जागी. मी खोका आणून तिच्या हातांवर ठेवला. पैलवानांच्या आठवणींचा पुढचा कागद समोर लावला आणि आत आले.

स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून हे लिहितेय. बाहेर ती टाइप करतेय, एकही कळ न चुकता. परत विचारलेलं नाही तिनं. विचारणार पण नाही, ओळखते मी तिला. दोन कप चहा ठेवलाय. उकळायला लागला. तो घेऊन बाहेर जावं लागेल.